लुप्त गृहवस्तूंची स्मृति आणि जमाखर्चाची वही

(१) प्रस्तुत लेखाचें प्रयोजन

दोन वर्षांपूर्वीं कांहीं माजी विद्यार्थ्यांपुढें बोलतांना प्रस्तुत लेखकानें असें विधान केलें होतें कीं, आमच्या लहानपणीं पुण्यांतील मध्यम स्थितीच्या घरांतून रोज आंबेमोहोराचा भात शिजत असे. आतां तो तांदूळ उरला नाहीं आणि ती चवहि उरली नाहीं. श्रोत्यांपैकीं एका अभ्यासू तरुणानें तें विधान टिपून घेतलें व पुढें आपल्या निबंधांत साक्ष म्हणून घातलें. गेल्या वर्षीं घरांतील जुन्या ट्रंकेंत आमच्या मातोश्रींच्या हातची जमाखर्चाची वही सांपडली, आणि आपलें विधान बव्हंशीं चुकीचें होतें असें लेखकास दिसून आलें. छापली गेलेली चूक छापूनच दुरुस्त केली पाहिजे. यास्तव हा लेख.

परंतु दुरुस्ती करूं जातां असें ध्यानांत आलें कीं, ही चूक एकट्या लेखकाची नव्हे. बंद पडलेलीं खाद्यपेयें व घरगुती वस्तु यांविषयीं साठी उलटलेले स्त्रीपुरुष जेव्हां हळहळतात, तेव्हां त्या हळहळींत याच जातीची चूक पुष्कळदां असते. ती कशी उत्पन्न होते, आणि ती वगळल्यावर त्या हळहळींतून इतिहासाच्या उपयोगीं पडेल असें काय उरतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

(२) अभावाचें स्वरूप

नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. वस्तु उत्पन्न होण्यापूर्वींचा तो प्रागभाव. ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. जो त्रिकाळीं असतो तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे या प्रतीतीचा विषय तो अन्योन्याभाव. ज्या वस्तूचा अभाव सांगावयाचा, तिला प्रतियोगी अशी संज्ञा आहे. आणि प्रतियोग्याचें ज्ञान असल्यावांचून अभावाचें ज्ञान होत नाहीं, असा त्या शास्त्राचा सिद्धांत आहे. आपल्या विषयास हा सिद्धांत पूर्णपणें लागू पडतो. ज्यानें वस्तु पाहिली वा चाखली नाहीं, त्याला तिचा अभाव जाणवत नाहीं. नातवास आजोबांची हळहळ कळत नाहीं, याचें कारण त्याचें मन कोरडें असतें हें नसून, त्याच्यापाशीं प्रतियोग्याचें ज्ञान नसतें हें होय.

इतिहासाच्या अभ्यासकास यांपैकीं प्रध्वंसाभाव विशेष महत्त्वाचा. त्याला आदि असतो, अंत नसतो. परंतु घरगुती वस्तूंच्या बाबतींत तो आदिच सहसा सांपडत नाहीं. राजा निवर्तला तर शकावलींत तिथि मिळते. किल्ला पडला तर बखरींत प्रसंग मिळतो. साबण, बिस्किट, पेय यांचा जन्म जाहिरातीवरून कळतो. मृत्यूची जाहिरात मात्र कोणी देत नाहीं. दुकानदार म्हणतो, माल आला नाहीं. गिऱ्हाईक त्या दिवसापुरती दुसरी वस्तु घेऊन जातें, पुढेंहि तीच नेऊं लागतें, आणि आपण जुनी वस्तु शेवटची केव्हां आणली हें कोणासच सांगतां येत नाहीं. लिखित प्रमाणाची ही उणीव मग स्मृति भरून काढते, व ती आपल्या सोयीनें भरते.

वस्तूंच्या लोपाची कारणें भिन्न भिन्न असतात; परंतु अभ्यासाच्या सोयीसाठीं त्यांचे दोन वर्ग करतां येतात. एका वर्गांत संज्ञा व संज्ञी, म्हणजे नांव व वस्तु, हीं दोन्ही नाहींशीं होतात. दुसऱ्यांत नांव राहतें आणि वस्तु पालटते. पहिल्या वर्गाचें एक व दुसऱ्याचीं दोन उदाहरणें पुढें दिलीं आहेत.

(३) नांवासह गेलेली वस्तु : गोल्ड स्पॉट

पारले कंपनीचें 'गोल्ड स्पॉट' हें नारिंगी रंगाचें पेय मुंबई-पुण्याकडील एका संबंध पिढीच्या स्मरणांत आहे. लग्नाचा मांडव, आगगाडीचें स्टेशन, चित्रपटगृहांतील मध्यंतर या तीन ठिकाणीं तें बहुधा भेटे. बाटली कांचेची व परत करावयाची असल्यामुळें ती दुकानाशीं उभें राहूनच रिकामी करावी लागे, आणि पत्र्याचीं झांकणें मुलें गोळा करीत.

हें पेय कसें गेलें याविषयीं बोलण्यांत दोन सालांची सरमिसळ आढळते; तीं वेगळीं केलीं पाहिजेत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणें परदेशी कंपन्यांस आपल्या येथील शाखांतील भांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणणें भाग होतें. जनता पक्षाच्या राजवटींत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असतांना, १९७७ सालीं, कोका-कोला कंपनी ही अट न मानतां देशांतून निघून गेली. तिच्याबरोबर तिचें फँटा हें नारिंगी पेयहि गेलें. म्हणजे १९७७ हें साल गोल्ड स्पॉटच्या लोपाचें नसून त्याच्या भरभराटीस अनुकूल असें होतें. लोपाचें मूळ १९९३ सालांत आहे. त्या वर्षीं कोका-कोला कंपनी परत आली, आणि तिनें पारलेचीं थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा व गोल्ड स्पॉट हीं पेयें विकत घेतलीं. यांपैकीं पहिलीं तीन अद्याप चालू आहेत. थम्स अपचें गिऱ्हाईक हलेना, म्हणून तें ठेवावें लागलें. गोल्ड स्पॉटच्या जागीं मात्र नव्या धन्यापाशीं स्वतःचें फँटा तयार होतें. एकाच रंगाचीं दोन पेयें पोसण्याचें त्याला प्रयोजन नव्हतें. तेव्हां गोल्ड स्पॉट लोकांनीं टाकलें म्हणून गेलें असें नव्हे. तें विकत घेतलें गेलें म्हणून गेलें. वस्तु खपत असतांनाहि लुप्त होऊं शकते, ही गोष्ट जुन्या काळच्या अभ्यासकास चमत्कारिक वाटली असती.

याच ठिकाणीं एक प्रत्युदाहरण देणें अवश्य आहे. १९७७ सालीं कोका-कोलाची जागा घेण्यासाठीं सरकारी मालकीच्या मॉडर्न बेकरीज या संस्थेनें 'डबल सेव्हन' नांवाचें पेय बाजारांत आणलें होतें. त्या सालावरूनच तें नांव पडलें. तेंहि पेय लुप्त झालें. परंतु त्याच्यासाठीं हळहळणारा मनुष्य लेखकास अद्याप भेटला नाहीं. दोन्ही पेयें गोड, दोन्ही फसफसणारीं, दोन्ही नष्ट. मग एकाचा अभाव सलतो आणि दुसऱ्याचा सलत नाहीं, हें कां? केवळ चवीनें याचा उलगडा होत नाहीं. गोल्ड स्पॉटमध्यें नारिंगाचा रस नव्हता. रंग आणि वास यांचाच तो खेळ होता. तें मुलांच्या हातीं क्वचित् व आनंदाच्या प्रसंगींच पडे, हें खरें कारण दिसतें. डबल सेव्हन थोडकाच काळ टिकलें, आणि प्रसंगांशीं त्याची अशी गांठ पडण्यास अवसर मिळाला नाहीं. हें अनुमान ध्यानांत ठेवावें. पुढें वहीच्या प्रकरणांत त्याची प्रचीति येईल.

(४) नांव तेंच, वस्तु निराळी : डालडा

तेलांत हायड्रोजन वायु मिसळून त्याचें घट्ट स्निग्ध द्रव्य करण्याच्या कृतीचें पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं घेतलें. या कृतींत निकेल धातूचें चूर्ण प्रवर्तक म्हणून वापरतात. मुंबईंत शिवडी येथें १९३२ पासून असें वनस्पति तूप होऊं लागलें, आणि १९३७ सालीं 'डालडा' हें नांव प्रचारांत आलें. पिवळ्या डब्यावर ताडाचें झाड, ही त्याची खूण. हें नांव इतकें रुळलें कीं विशेषनामाचें सामान्यनाम झालें. कोणत्याहि कंपनीच्या वनस्पति तुपास लोक डालडाच म्हणूं लागले.

आज दिवाळीच्या दिवसांत वृद्ध गृहिणी म्हणतात कीं, डालड्यांतल्या शंकरपाळ्यांचा व चिरोट्यांचा खुसखुशीतपणा आतां येत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. नेहमींच्या उष्णतेंत घट्ट राहणारें स्निग्ध द्रव्य मोहन म्हणून वा चिरोट्यांच्या साट्यांत घातलें असतां पिठाचे पदर एकमेकांस चिकटत नाहींत. पातळ तेलानें तें साधत नाहीं. परंतु ज्या अर्धवट हायड्रोजनीकरणानें हा गुण येतो, त्यानेंच ट्रान्स-स्निग्धाम्लेंहि उत्पन्न होतात, व तीं हृदयास घातक असल्याचें सिद्ध झालें आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें जानेवारी २०२२ पासून तेलें व स्निग्ध पदार्थ यांतील या द्रव्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा निर्बंध घातला आहे. म्हणजे जुना डालडा आज कोणीं मनांत आणलें तरी कायद्यानें करतां येणार नाहीं. नांव दुकानांत आहे. वस्तु निराळी आहे.

येथें स्मृतीचा दुसरा एक विशेष दिसतो. डालडा चालू होता तेव्हां त्याची प्रतिष्ठा फार हलकी होती. गांधीजींनीं 'हरिजन' पत्रांतून वनस्पति तुपाचा निषेध केला होता. साजूक तुपांत भेसळ होऊं लागल्यामुळें ती ओळखतां यावी म्हणून वनस्पतींत तिळाचें तेल मिसळणें सरकारनें सक्तीचें केलें. 'त्यांच्याकडे डालड्याचे लाडू होते' हें वाक्य आमच्या लहानपणीं निंदेचें होतें. ज्याची काल निंदा, त्याचीच आज हळहळ. आणि निंदा करणारीं व हळहळणारीं माणसें पुष्कळ ठिकाणीं तींच. त्यांतहि डालड्यापेक्षां डब्याची आठवण अधिक निघते. तो रिकामा झाला कीं त्यांत डाळ भरीत, धान्य मापीत, तुळस लावीत. डबा गेला, आणि त्याबरोबर घरांतील दहा लहान सोयी गेल्या. लुप्त वस्तूंची यादी करणाऱ्यानें वेष्टनें वगळूं नयेत.

(५) नामशेष : आंबेमोहोर

'नामशेष' या शब्दाचा अर्थ ज्याचें नांव तेवढें शिल्लक आहे असा. व्यवहारांत आपण तो 'समूळ नष्ट' या अर्थीं वापरतों. परंतु आंबेमोहोराच्या ठिकाणीं मूळ अर्थच अक्षरशः लागू पडतो. दुकानोदुकानीं या नांवाच्या गोण्या दिसतात; मात्र आंध्र व मध्य प्रदेश इकडील तशाच बारीक दाण्याचा तांदूळ या नांवाखालीं पुष्कळ विकला जातो. खरा आंबेमोहोर मावळ व मुळशी भागांत अजून थोडा होतो, आणि त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. परंतु ज्यास तो हवा, त्यास तो शोधून आणावा लागतो.

याचा दाणा आखूड, शिजल्यावर मऊ, व वास आंब्याच्या मोहोरासारखा. नांवाची व्युत्पत्ति उघड आहे. पीक उशिरां हातीं येतें, रोप उंच वाढून लोळतें, व उत्पन्न थोडें. सह्याद्रीच्या पायथ्याचीं, पाण्यानें भरलेलीं खाचरें हें त्याचें घर. या घरावर पहिला मोठा आघात मुळशीस झाला. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठीं नीळा व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें ठरलें, आणि त्याविरुद्ध सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ ते १९२४ पर्यंत शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. सत्याग्रह फसला, आणि मुळशी पेट्यांतील उत्तम भातजमीन पाण्याखालीं गेली. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या, तिच्या किंमतींत ही खाचरेंहि धरलीं पाहिजेत. दुसरें कारण सौम्य असलें तरी अधिक व्यापक आहे. १९६६ सालीं फिलिपाईन्समधील संशोधन संस्थेनें काढलेली आयआर-८ ही बुटकी, भरघोस पिकणारी जात आली, आणि उंच, अल्पप्रसव जाती मागें पडल्या. वडगांव मावळ येथील केंद्रानें याच आयआर-८ चा आंबेमोहोर-१५७ शीं संकर करून काढलेली 'इंद्रायणी' ही जात १९८७ सालीं प्रसृत झाली. तीहि सुवासिक आहे व आतां घरोघर शिजते. तेव्हां आंबेमोहोराचा वंश उरला आहे, मूळ पुरुष विरळा झाला आहे, असें म्हणावें लागतें.

सुगंधाविषयीं एक शास्त्रीय गोष्ट येथें नमूद करण्याजोगी आहे. सुवासिक तांदळांचा वास मुख्यत्वें २-ॲसिटाइल-१-पायरोलीन या द्रव्याचा असतो. २००५ सालीं असें उघड झालें कीं, साध्या तांदळांत एक जनुक एक विकर घडवितें, आणि तें विकर या द्रव्याची पूर्वसामग्री दुसरीकडे वळवितें. सुवासिक जातींत तें जनुकच बिघडलेलें असल्यामुळें विकर काम करीत नाहीं आणि सुगंध सांचतो. प्रतिबंधकाचा अभाव हाहि कार्याचें कारण होतो, असें नैयायिक म्हणतात. त्याचें याहून चांगलें उदाहरण लेखकास ठाऊक नाहीं.

(६) वहीची साक्ष

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. सदर वही १९७१ च्या दिवाळीपासून सुमारें चाळीस महिन्यांची आहे. त्या वेळीं आम्ही पुण्यांतील एका वाड्यांत दोन खोल्यांत राहत होतों. वडील शिक्षक, आम्ही तीन भावंडें. मातोश्रींचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण अक्षर स्वच्छ व नोंद रोजची.

या चाळीस महिन्यांत 'आंबेमोर' हा शब्द अवघा नऊ वेळां आला आहे, आणि एका खेपेस दोन किलोंहून अधिक तांदूळ घेतलेला नाहीं. चार खेपा दिवाळीच्या. दोन आजोबांच्या श्राद्धाच्या. एक मामा आले तेव्हांची. उरलेल्या दोन खेपा वडील भगिनी विषमज्वरानें आजारी होती तेव्हांच्या. त्या आठवड्यांत 'पेजेसाठीं' असा शेराहि आहे. एरव्हीं सर्वत्र 'तांदूळ, रेशन' इतकेंच. १९७२ च्या दुष्काळानंतर तर तोहि पुरेसा मिळेना, आणि पानोपानीं 'मिलो' हा शब्द दिसूं लागतो. अमेरिकेंतून आलेली ही तांबडी ज्वारी त्या दिवसांत रेशनच्या दुकानांत मिळत असे. तिची भाकरी चिरे, व घशाखालीं उतरत नसे. तीहि आतां लुप्त आहे. तिच्यासाठीं कोणी हळहळत नाहीं.

म्हणजे लेखकानें जो 'रोजचा' म्हणून सांगितला, तो भात तीन-साडेतीन वर्षांत मोजके दिवस शिजला होता. स्मृतीनें सणाचें ताट उचलून वर्षभर मांडलें, आणि मिलोचें ताट मुळींच मांडलें नाहीं. तिनें मुद्दाम असत्य सांगितलें असें नव्हे. जो संस्कार उत्कट तोच तिनें जपला. परंतु त्यावरून 'मध्यम स्थितीच्या घरांतून रोज' असा सिद्धांत काढणें हा लेखकाचा दोष होता. तो तो कबूल करतो, आणि ज्या तरुण अभ्यासकानें विश्वासानें तें विधान घेतलें, त्यानें तें आपल्या निबंधांतून काढून टाकावें अशी विनंति करतो.

एवढ्यावर प्रकरण संपलें असतें तर लेख प्रमाणाच्या जयानें संपविता आला असता. परंतु वही पाहून झाल्यावर ती लेखकानें वडील भगिनीस वाचून दाखविली. ती आज सत्तरीच्या पुढें आहे. श्राद्धाची नोंद ऐकून ती म्हणाली, "दोन किलो आणला खरा, पण आईनें तो कधीं आपल्या पानांत वाढून घेतला नाहीं. भटजींचें झालें कीं आपणां मुलांचें, मग दादांचें. ती मागाहून मिलोची भाकरी घेऊन बसायची. तूं लहान होतास, तुझ्या ध्यानांत नाहीं." वडिलांस आम्ही दादा म्हणत असूं.

ही गोष्ट वहींत नाहीं, आणि असणेंहि शक्य नव्हतें. काय आणलें, किती आणलें, काय पडलें, हें वही सांगते. कोणीं खाल्लें हें सांगत नाहीं. ज्या हातानें नोंद केली, त्या हाताला तो तांदूळ मिळाला नाहीं, हें केवळ स्मृतीवरून कळलें, आणि तेंहि दुसऱ्याच्या.

(७) निष्कर्ष

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. लुप्त वस्तूंविषयींची हळहळ हा त्या वस्तूंच्या नित्य वापराचा पुरावा नव्हे. उलट पुष्कळदां तो तिच्या दुर्मिळतेचा पुरावा असतो. आणि लिखित नोंद कितीहि खरी असली, तरी घरांतील वांटणीसंबंधीं ती मुकी असते. पहिल्या चुकीस वहीनें आळा बसतो, दुसऱ्या उणिवेस स्मृतीनें. म्हणून कोणीहि वृद्ध मनुष्य अमुक वस्तु आतां मिळत नाहीं असें म्हणूं लागला म्हणजे अभ्यासकानें त्यास तीन प्रश्न विचारावे : ती वस्तु घरांत केव्हां केव्हां येत असे? ती कोण आणी? आणि ती कोणाच्या ताटांत पडत नसे? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं.

वाचकांस एक विनंति आहे. आपल्या घरीं जुन्या जमाखर्चाच्या वह्या, किराण्याच्या याद्या, शिधापत्रिका, डबे, बाटल्यांचीं झांकणें वा वेष्टनांचे कागद असतील, तर ते रद्दींत घालूं नयेत. पेशव्यांच्या मुदपाकखान्याचे हिशेब आपण छापतों. आपल्या आयांच्या स्वयंपाकघराचे हिशेब मात्र दर दिवाळीच्या साफसफाईंत बाहेर जातात. आणि ज्यांनीं ते लिहिले, त्यांपैकीं जीं माणसें अद्याप आहेत, त्यांजपाशीं वही घेऊन बसावें. वही मागाहूनहि वाचतां येईल. तीं माणसें तोंवर थांबणार नाहींत.